डबीर बाईंचं चर्च

नववीच्या मुलींना फ्रेंच राज्यक्रांती शिकवायची असो की अकबराची जमीनमोजणी, डबीर बाईंचा तास सुरू व्हायचा तो एका चर्चपासून. ते चर्च रायपुरात नव्हतं. ते होतं गुजरातच्या किनाऱ्यावर, दमणच्या बाजूला, पोर्तुगीजांनी तटबंदी घालून वसवलेल्या एका जुन्या गावात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून तिथे राहतात. बाईही नाव घेत नसत. 'आमचं गाव' म्हणायच्या, आणि नवीन माणसाला वाटायचं की बाई रायपुरातल्या आपल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याबद्दल बोलून राहिल्या.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायची. टीचर्स रूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या समोर. त्या उंच, हडकुळ्या, सुती साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. बारा महिने हातात छत्री. घर ते शाळा पायी यायच्या. कुणी स्कूटरवर बसा म्हटलं तर, "तू जा. मले पाहत पाहत यायचं आहे," म्हणायच्या. डबा उभ्यानं खायच्या. चिडल्या की तोंडातून 'पासिएन्सिया' निघायचं. तो पोर्तुगीज शब्द. अर्थ, धीर धर. तो त्या स्वतःला बजावत, पण मुलींना ती शिवी वाटायची आणि वर्ग एकदम शांत व्हायचा.

बाई मूळच्या रायपूरच्याच. भोसल्यांच्या काळात नागपूरकडून आलेली जी मराठी घरं ब्राह्मणपाऱ्यात आहेत, त्यांतलं एक त्यांचं माहेर. लग्न झालं कस्टममध्ये नोकरीला असलेल्या माधवराव डबिरांशी, आणि नव्या संसाराला जागा मिळाली ती या समुद्रकाठच्या गावात. पोर्तुगीज जाऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. किल्ल्याच्या आत पत्र्याच्या छपराचं घर. दुपारी पत्रा तापायचा. शेजारी चर्च होतं, जाड भिंतींचं, आत गार. बाई विणकाम घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. तिथले पाद्री म्हातारे होते. त्यांनी काही दिवस पाहिलं आणि विचारलं, "आप प्रार्थना के लिए आती हैं?" बाई म्हणाल्या, "नहीं, घर में गरमी होती है."

पाद्रींना हे उत्तर आवडलं. त्यांनी बाईंना शिकवायला घेतलं. आधी चर्चच्या भिंती, मग पोर्तुगीज भाषा.

माधवराव तिथेच गेले. कावीळ झाली, आणि डॉक्टर 'उतरेल, उतरेल' म्हणत असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. बाई माहेरी परतल्या, बी.एड. केलं, शाळेला लागल्या. या भागाबद्दल त्या इतकंच सांगायच्या. मात्र दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या 'आमच्या गावी' जायच्या. भावजय कुरकुरायची, "तिथे आता तुमचं कोण आहे?" बाई म्हणायच्या, "सारेच आहेत."

त्या चर्चचा इतिहास आमच्या शाळेतल्या कित्येक पिढ्यांना तोंडपाठ होता. आधी तिथे गवताच्या छपराचं एक छोटं प्रार्थनाघर होतं, ते जळालं. मग दगडाचं बांधलं. पुढचा दर्शनी भाग तीन मजल्यांचा, चुन्यानं पांढरा, वर जिलबीच्या वेढ्यांसारखी वळणं, खाली पीळ घातलेले खांब. त्या शैलीला बारोक म्हणतात. रायपूरच्या मुलींना बारोक कसं समजवायचं? बाईंना त्याचं काही अवघड नव्हतं. "वी.आय.पी. रोड पर शादी का गेट देखा है? एक कोना खाली छोड़ते हैं क्या? फूल, परी, हाथी, लाइट. बस, वही चीज़ पत्थर में." नंतर टीचर्स रूममध्ये मला म्हणायच्या, "शैला, बारोक म्हणजे गप्प बसता न येणारा दगड."

चर्चच्या शेजारी एक मोठा मठ होता. पुढे पोर्तुगालच्याच सरकारनं सगळे मठ बंद करायचा हुकूम काढला, तेव्हा तिथले साधू निघून गेले. मठ ओस पडला, आणि गावानं त्याचे दगड नेऊन आपापली घरं बांधली. बाईंच्या भाड्याच्या घराची पायरी त्याच मठाची होती. "ज्या राजानं मठ बांधले त्याच्याच पोरानातवांनी ते बंद केले," त्या सांगायच्या, आणि इथून त्यांची गाडी फ्रेंच राज्यक्रांतीकडे वळायची.

पण बाईंचा खरा जीव होता तो आल्तारावर. आल्तार म्हणजे वेदी. त्या चर्चमध्ये वेदीच्या मागे छतापर्यंत चढलेली लाकडी कोरीव भिंत आहे, सोन्याच्या वर्खानं मढवलेली. द्राक्षांचे घोस, वेली, फुगऱ्या गालांचे देवदूत. गावात सगळे म्हणायचे, हे लिस्बनहून जहाजातून आलं. फक्त एका घरात वेगळं सांगत. ते घर मिस्त्रींचं. त्यांचे पूर्वज बंदरात जहाजं बांधायचे, डांगच्या जंगलातलं सागवान वापरून. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की हा आल्तार आमच्या वाडवडिलांनी कोरला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं ते बाईंना सांगितलं, आणि बाईंनी ते उचललं. पुढे चर्चवर एक लहान पुस्तक लिहिलं, त्यात साफ लिहिलं: या आल्तारावरचा एकेक घोस याच गावच्या सुतारांनी कोरला आहे.

"सारे लिस्बन लिस्बन करून राहिले होते," बाई मला सांगायच्या. "मी म्हटलं, काहून? आपल्या माणसाले येत नाही का कोरता?"

पुस्तक गावात घरोघरी गेलं. पाद्रींनी ते गुजरातीत करून घेतलं. आणि त्यानंतर चर्चच्या वार्षिक सणाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढची मोठी मेणबत्ती धरायचा मान मिस्त्रींच्या घराला मिळाला. त्या आधी ते लोक मागे, सुतारांच्या रांगेत चालायचे. दर वर्षी मिरवणूक झाली की पास्कल मिस्त्री, त्या म्हाताऱ्याचा मुलगा, रायपूरला फोन करायचा. बाई त्या दिवशी शाळेत पेढे आणायच्या.

हे सगळं मी जरा विस्तारानं सांगितलं, कारण बाई एरवी इतक्या सहजासहजी काही मान्य करणाऱ्या नव्हत्या.

एकदा अभनपूरकडच्या एका गावातून दोन-तीन माणसं गाडी घेऊन शाळेत आली. त्यांच्या शेतात देवीची एक जुनी मूर्ती होती, तिच्यावर देऊळ बांधायचं होतं, आणि फलकावर इतिहास लिहून हवा होता. बाईंनी मला बरोबर घेतलं. मूर्ती खरंच जुनी होती, झिजलेली, शेंदूर माखलेली. सरपंच म्हणाले, "मैडम, लिख दीजिए, एक हजार साल पुरानी है."

"आपको किसने बताया?"

"सब कहते हैं. हमारे दादा भी कहते थे."

"तो मैं लिखूँगी, 'कहते हैं'."

सरपंचांचा चेहरा उतरला. "मैडम, 'कहते हैं' लिखने से श्रद्धा कम हो जाएगी."

"हव, हो सकथे," बाई छत्तीसगढीत म्हणाल्या. "पर देवी को फरक नहीं पड़ेगा." आणि त्यांनी फलकासाठी तीन ओळी लिहून दिल्या, प्रत्येक ओळीत 'कहते हैं'. फलक लागला तेव्हा त्यातलं एकही 'कहते हैं' उरलं नव्हतं. बाई तो पाहायला पुन्हा गेल्या नाहीत.

दुसरी त्यांची सवय म्हणजे कुठलीही वस्तू मागच्या बाजूनं पाहणं. गोल बाजारात साडी घ्यायला गेलं की दुकानदार पदर उलगडून दाखवायचा आणि बाई ती उलटी करून धागे बघायच्या. भांडं घेतलं की आधी बूड. लग्नात नवरानवरीला भेटायच्या आधी स्टेजच्या मागे जाऊन बांबू कसे बांधलेत ते पाहून यायच्या. माझ्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर ओरडला, "आंटी, आप फ्रेम में आ रही हैं." बाई पडद्यामागून म्हणाल्या, "मैं तो फ्रेम के पीछे हूँ." मुलींना त्या बजावायच्या, "आगे से सब सजते हैं. पीछे जाके देखो."

बाई निवृत्त झाल्या. गुडघे दुखायला लागले तशा उन्हाळ्याच्या फेऱ्याही थांबल्या. पण पास्कलचा फोन यायचा, आणि चर्चमध्ये बदलून आलेले नवे फादर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचे. बाईंकडे साधा फोन होता, म्हणून ते फोटो माझ्या फोनवर यायचे आणि संध्याकाळी मी ब्राह्मणपाऱ्यात जाऊन दाखवायची.

एका संध्याकाळी असेच फोटो आले. आल्तार मागून पोकळ झाला होता, वाळवी लागली होती. दुरुस्तीसाठी जाणकार माणसं आली होती, आणि त्यांनी तो तुकड्यातुकड्यांनी भिंतीवरून उतरवून काढला होता. फादरांनी उत्साहानं लिहिलं होतं, मॅडम, हा मागून कुणीच पाहिला नव्हता, तुम्हाला आवडेल.

बाईंनी चष्मा पुसला. फोन हातात घेतला आणि बोटांनी फोटो मोठा केला. पुढचा पाहिला, परत पहिल्यावर आल्या. मला वाटलं, नासाडी पाहून वाईट वाटलं असेल.

"बाई, दुरुस्त होते म्हणतात," मी म्हटलं.

"शैला, तुमच्या घरचे दरवाजे कशाचे आहेत?"

"सागवानाचे."

"वाळवी लागली कधी?"

"दरवाज्यांले नाही. बाकी साऱ्याले लागली."

बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. लाकूड आतून पार भुसा झालं होतं. "हे सागवान नाही वं," त्या म्हणाल्या. मग दुसरा फोटो दाखवला. त्यात पीळ घातलेल्या एका खांबाचं बूड होतं. एरवी ते एका फळीमागे झाकलेलं असायचं. वेल खाली येत येत एकदम तुटली होती. द्राक्षाचा घोस मधोमध करवतीनं कापलेला. "आणि हे इथल्या भिंतीसाठी केलेलं नाही. दुसऱ्या कुठल्या उंच भिंतीसाठी केलेलं आहे. इथे आणून, मावेना म्हणून कापलं."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"एवढी वर्षं मी पुढूनच पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "त्या आल्ताराच्या मागे जायले जागाच नव्हती. पण नव्हती तर नव्हती, तसं लिहायचं होतं."

मी म्हटलं, फोटोवरून काय कळतं, जाणकारांना विचारू. बाईंनी विचारायला लावलं. काही आठवड्यांनी फादरांचा निरोप आला: लाकडाची तपासणी झाली, हे झाड आपल्याकडे होत नाही, युरोपातलं आहे. फादरांनी खाली लिहिलं होतं, काळजी करू नका, हे आम्हा तिघाचौघांनाच माहीत आहे.

बाईंनी माझ्या फोनवरून फादरांना फोन लावला. फादर तरुण होते, मनानं चांगले. ते म्हणाले, "मैडम, किताब जैसी है वैसी रहने दीजिए. लोग खुश हैं. मिस्त्री लोगों को इज्जत मिली है. किसी का नुकसान नहीं हो रहा."

"फादर, कन्फेशन में लोग आधी बात बताएँ तो आप चला लेते हैं?"

फादर बाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले.

"मैं आ रही हूँ," बाई म्हणाल्या.

त्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. मी सुट्टी टाकली. सुरतेला उतरून पुढे गेलो. वाटेत मी विचारलं, रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगणार का? बाई म्हणाल्या, "सांगणार. पण आधी पास्कलच्या घरी. चारचौघांत पहिल्यांदा ऐकायची पाळी त्याच्यावर नको."

पास्कल मिस्त्रीचं घर किल्ल्याच्या भिंतीला लागून, पुढच्या पडवीत सुतारकाम. जहाजं कधीच बंद झाली. आता दारं, खिडक्या, शवपेट्या. पास्कल बाईंहून थोडा मोठाच. बाईंना पाहून तो रंधा हातात घेऊनच उठला. "अरे, बहन! बिना बताए!" त्यानं मुलाला, टोनीला, हाक मारली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. भिंतीवर मिरवणुकीतला त्याचा फोटो होता, हातात ती मोठी मेणबत्ती.

"चाय बाद में, पास्कल," बाई म्हणाल्या. "पहले बात."

आणि त्यांनी सांगितलं. वाळवीचं, लाकडाचं, कापलेल्या घोसाचं. आवाज शाळेतल्यासारखाच, एकसुरी. पण दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर घट्ट होते.

टोनी दारात उभा होता. तो आधी बोलला. "आंटी, आप रायपुर से इतनी दूर यही बताने आई हैं?"

"हाँ."

"फोन पे बोल देतीं."

"ऐसी बात फोन पे नहीं बोलते, बेटा."

"बोलना ही क्यों था? किसको पड़ी है लकड़ी कौनसी है? इतने साल बाद पापा को आगे खड़ा किया, अब आप ही..." तो आत गेला.

पास्कल रंध्याच्या पात्यावरचा भुसा अंगठ्यानं काढत होता. पातं साफ झाल्यावर त्यानं विचारलं, "तो मेरे बाप ने झूठ बोला?"

"नहीं," बाई चटकन म्हणाल्या. "तुम्हारे बाप ने जो सुना, वही बोला. उन्होंने कहा था, 'हमारे यहाँ ऐसा कहते हैं.' मुझे आज भी याद है. 'कहते हैं' मैंने काटा. लिखते समय. मुझे अच्छा लग रहा था इसलिए."

चहा आला. तसाच राहिला.

पास्कल म्हणाला, "मुझे देखना है."

आम्ही तिघं चर्चमध्ये गेलो. आल्ताराचे तुकडे एका बाजूच्या खोलीत मांडून ठेवले होते, पालथे. समोरून सोनं, मागून नुसतं करडं लाकूड. पास्कल खाली बसला. बाईंना बसता येत नव्हतं, त्या छत्रीवर रेलून उभ्या राहिल्या. पास्कलनं त्या कापलेल्या खांबाच्या बुडावरून तळहात फिरवला. मग नखानं लाकूड टोकरलं, नाकाशी नेलं.

"सागवान नहीं है," तो म्हणाला. त्यानं कापावर परत हात ठेवला. "काटा किसने?"

"पता नहीं."

"सीधा काटा है. हाथ अच्छा था. बिठाया भी ऐसा कि आज तक किसी को दिखा नहीं." त्यानं वर पाहिलं. "यहीं के किसी ने काटा होगा. हमारे ही किसी ने."

मी मनात म्हटलं, बाई, हो म्हणा. एवढं तर म्हणता येईल.

बाईंचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "हो सकता है, पास्कल," त्या म्हणाल्या. "पर मुझे पता नहीं. मैं 'हो सकता है' लिखूँगी. उससे आगे नहीं लिख सकती."

पास्कल उठला, पँटीवरची धूळ झटकली आणि निघून गेला. आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

रविवारी प्रार्थना झाल्यावर फादरांनी बाईंना पुढे बोलावलं. बाईंनी तेच सगळ्यांसमोर सांगितलं, हिंदीत, थोडक्यात, आणि चूक माझी, असं दोनदा म्हटलं. मिस्त्रींच्या घरचं कुणी आलं नव्हतं. लोक ऐकून घेऊन उठले. बाहेर पडताना एका बाईंनी दुसरीला विचारलेलं मला ऐकू आलं, "तो अब मोमबत्ती कौन पकड़ेगा?" ज्या गावात बाईंना दर घरातून जेवायला बोलावणं यायचं, तिथे त्या दुपारी आम्ही बस स्टँडवर वडापाव खाल्ला.

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसून होत्या. भुसावळ गेल्यावर त्या म्हणाल्या, "शैला, बरोबर केलं ना वं मी?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मले ठाऊक नाही, बाई."

त्या थोडं हसल्या. "शिकली तू," म्हणाल्या. मग तोंडावर पदर घेऊन झोपल्या, किंवा झोपल्यासारखं केलं.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. आल्ताराचं पान बाईंनी पूर्ण नव्यानं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तो इथे बसवण्यासाठी कुणी कापला हे माहीत नाही. गावातल्याच सुतारांनी कापला असणे शक्य आहे'. त्या वर्षी सणाला पास्कलचा फोन आला नाही. फादरांकडून कळलं की मिस्त्रींच्या घरचं कुणी मिरवणुकीतच आलं नाही, आणि पुढची मेणबत्ती फादरांनी स्वतः धरली. बाईंनी ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी 'आमचं गाव' म्हणणं सोडलं. 'ते गाव' म्हणायला लागल्या. संध्याकाळी मी गेले की पहिल्यासारखं 'काही आलं का फोनवर?' विचारायच्या नाहीत. मीच सांगायची, आज काही नाही. त्या मान हलवायच्या आणि मुगाची डाळ निवडत बसायच्या.

असं वर्षभर तरी गेलं असेल. मग एका दुपारी माझ्या फोनवर अनोळखी नंबरवरून फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. पिवळसर, नवं लाकूड, त्यावर पटाशीनं कोरलेली गुजराती अक्षरं. मला वाचता येईना. मी शाळेतून तशीच बाईंकडे गेले.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. वाळवीनं खाल्लेल्या भागांच्या जागी नवीन तुकडे बसवायचे होते, ते काम टोनीनं, म्हणजे अँथनी मिस्त्रीनं, मागून घेतलं होतं, असं नंतर फादरांकडून कळलं. आणि बसवायच्या आधी त्यानं त्या तुकड्याच्या पाठीवर कोरलं होतं: पास्कल मिस्त्री आणि मुलगा अँथनी यांनी हा तुकडा केला. लाकूड सागवान. मूळचं काम कुणाचं, माहीत नाही.

खाली वर्ष होतं.

बाईंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा शेवटची ओळ जरा सावकाश. मग मला म्हणाल्या, "लाव फोन."

पास्कलनं उचलला. मी स्पीकरवर टाकला होता.  मग बाईंनी विचारलं, "सागवान कहाँ का है?"

"डांग का," पास्कल म्हणाला. "रसीद है मेरे पास. भेजूँ?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. पलीकडे पास्कलही हसत होता. चहा राहिलाय, तो म्हणाला, येऊन पिऊन जा. मेणबत्तीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. ती आता दर वर्षी वेगळ्या वाडीकडे जाते, असं मला फादरांनी नंतर सांगितलं. मिस्त्रींची पाळी अजून यायची आहे.

तो चहा राहूनच गेला. बाईंची तब्येत उतरत गेली, पुतणी त्यांना भिलाईला आपल्या घरी घेऊन गेली, आणि तिथेच त्या गेल्या. पास्कलला मीच कळवलं.

भिलाईला जाण्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी स्कूटीनं शाळेत निघाले होते. ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत गर्दी अडकली होती. रस्ता रुंदीकरणासाठी एक दुमजली जुनं दुकान पाडायचं काम चाललं होतं, जेसीबी भिंतीला लावलेला, धुळीचे लोट. आणि त्या जेसीबीच्या सोंडेखालीच म्हणावं इतक्या जवळ बाई उभ्या होत्या. कॅनव्हासचे बूट, नाकाला पदर, मान वर. पडलेल्या भिंतीच्या आतल्या विटा आणि चुना निरखत होत्या. मागे दुचाकींचे हॉर्न वाजत होते. ड्रायव्हर वरून ओरडला, "अम्मा, हटो न! दब जाओगी!"

बाईंनी त्याच्याकडे न बघता छत्री उचलून 'थांब' अशी खूण केली. तो थांबला. मागचे हॉर्नही थांबले. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहून घेतली, कुठलीही घाई न करता. मग कडेला सरकल्या, आणि वर बघून त्याला म्हणाल्या, "हो गया, भैया. चलाओ."